झाडावर परत गेलेला कापूस

आमच्या घरी ज्वारी निवडली जायची ती पत्रकांवर. डाळीचे, हळदीचे, जवसाच्या चटणीचे सगळे डबे आतून पत्रकांनी मढवलेले असत, आणि बाजेखाली कपड्यांची ट्रंक कमी न् पत्रकांचे गठ्ठे जास्त. बाबा कचेरीत कारकून होते. कचेरी सुटली की ते नेरच्या बाजारगल्लीत एका सोबत्याच्या पायानं चालवायच्या ट्रेडल छापखान्यात जाऊन बसायचे आणि दिवेलागणीला बोटांवर शाई घेऊन परतायचे. हुंड्यावर पत्रक, बुवाबाजीवर पत्रक, बियाण्याच्या फसवणुकीवर पत्रक, कापसाच्या भावावर तर दर हंगामाला दोन. मी अक्षरं त्यांवरच शिकले. काना-मात्रा नीट कळायच्या आधी मला उद्गारचिन्ह ओळखता यायचं. चौथीत गाईवर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी सुरुवात ‘बंधू-भगिनींनो!’ अशी केली होती, आणि बाईंनी ती वही आईला बोलावून दाखवली होती. बाबा जेवतानाही कच्चा छाप मोठ्यानं वाचून दाखवायचे. आई भाकर थापता थापता म्हणायची, “आधी खाऊन घ्या. क्रांती काही थंडी होत नाही, भाजी होते.”

ते दिवस कसले होते, हे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात होतं, आणि कशासाठी होतं तेही सगळ्यांना पाठ होतं. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि बाबांची पत्रकं वाटायचं काम माझ्याकडे होतं. मी बसस्टँडवर उभी राहून वाटायची. लोक घ्यायचे, घडी घालायचे, आणि समोरच्या हॉटेलात जाऊन त्याच पत्रकावर भजी घ्यायचे. बाबांची सगळ्यात जळजळीत वाक्यं तेलानं पारदर्शक झालेली मी पाहिली आहेत. पण त्या हॉटेलात एक टीव्ही होता, त्यावर दिवसभर गाण्यांच्या सीड्या चालायच्या, आणि वाचायला दोन मिनिटं नसलेली माणसं त्याच्यासमोर बस सुटेपर्यंत उभी असायची. मला आधी राग आला. मग कुतूहल वाटलं. खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यात बहुतेक चांगल्या गोष्टी रागाच्या पाठीमागून अशाच चोरपावलांनी आल्या.

मी एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर टिपायला लागले. गाणं सुरू होताना आधी आभाळ किंवा देवळाचा कळस. मग पाय, मग पैंजण. चेहरा लगेच दाखवायचा नाही, पहिली ओळ निम्मी झाल्यावरच. ढोलकीचा ठोका पडला की चित्र बदलतं. कडव्याला नवी साडी, ध्रुपदाला पुन्हा जुनी. बाईच्या मागे दोन ओळीत नाचणाऱ्या सहा मुली, त्या कुठून येतात आणि कुठे जातात हे कोणी विचारत नाही. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे बाई तोंड हलवते आहे, पण तिच्या गळ्याची शीर हलत नाही. गात होती दुसरीच कोणीतरी, आणि ती कोण हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

“ओ ताई, सिनेमा बघून नोट्स घेऊन राह्यल्या काय?” मागून आवाज आला. ते शकीलभाई. हॉटेलाला लागूनच त्यांचं दुकान, वडील मोटार वाइंडिंग करायचे आणि हे लग्नाचे व्हिडिओ काढायचे. दुकानाच्या अर्ध्या भागात तांब्याची तार, अर्ध्या भागात संगणक. मी टिपलेलं त्यांनी वाचलं आणि हसले नाहीत, हे मला आजही आठवतं. म्हणाले, “बराबर पकडलं. गाना तीन किसम का रहता. एक, गानेवाला खडा राहून गातो. दोन, गाण्यात काही इस्टोरी असते. तीन, ना गाणारा, ना इस्टोरी, चीजा दिसतात फक्त, अन् मतलब तुम्ही लावा. तिसरावाला सबसे सस्ता अन् सबसे मुश्किल.”

त्या दिवसापासून पत्रकं संपली की मी त्यांच्या दुकानात. त्यांनी मला काय काय दाखवलं! ओठ जुळवायचे तर नुसते हलवून चालत नाही, टेपच्या वर आवाज काढून खरंच गावं लागतं, नाही तर गळा खोटं बोलताना पकडला जातो. गाणाऱ्याचं तोंड उघडं असताना चित्र कापायचं नाही, मिटल्यावर कापायचं. साडी हवेत हळूहळू उडताना दाखवायची आणि ओठ मात्र बरोबर जुळायला हवेत, तर टेप दुप्पट वेगानं लावायची, बाईनं तसंच भराभर गायचं, आणि मग चित्र निम्म्यावर आणायचं. उन्हासाठी थर्माकोलला चंदेरी कागद. कॅमेरा सरकवायला रबरी चाकांची बैलबंडी, फक्त बैल शांत हवा. मी ऐकत राहायची. घरी गेल्यावर बाबा विचारायचे, “किती वाटली?” मी खोटं सांगायची.

मग मला वाटलं, पत्रक वाचत नाहीत तर पत्रकाचं गाणं करू. मी लिहिलं. ‘उठा उठा हो कष्टकऱ्यांनो, जाब विचारू चला.’ अशी सहा कडवी, प्रत्येकाला दोन उद्गारचिन्हं. गायला मिळाली गिरजामावशी. ही बाई नेरजवळच्या एका गावात कापूस वेचायला जायची, आणि वेचताना गायची तेव्हा शेजारच्या वावरातल्या बाया बोलायच्या थांबायच्या, असं आई सांगायची. तिला वाचता येत नव्हतं. मी एकेक ओळ म्हणायची, ती म्हणायची. शकीलभाईंच्या दुकानात भिंतींना गाद्या टेकवून आम्ही आवाज भरला. पंधरा दिवस लागले. ओळींच्या अधूनमधून ती थांबून म्हणायची, “हे तोंडात बसत नाई वं पोरी, घास मोठा हाय.” मी म्हणायची, “बसेल.”

यवतमाळच्या एका कॅसेटवाल्या शेठनं आवाज ऐकला आणि मान डोलावली. संक्रांतीच्या आत त्याची आठ गाण्यांची सीडी निघणार होती, एक जागा रिकामी होती. “आवाज घेतो. पण चेहरा नाही चालणार,” तो म्हणाला. “अमरावतीची एक पोरगी आहे माझ्याकडे, ती ओठ हलवेल.” मी जागच्या जागी भाषण दिलं. श्रमाची चोरी, आवाजाची चोरी, सगळं. तो शांतपणे पान चघळत होता. शेवटी म्हणाला, “ठीक. तुम्हीच शूट करून आणा. ओठ जुळले तर बाईचा चेहरा ठेवतो. नाही जुळले तर माझी पोरगी.”

गिरजामावशीला हे सांगितलं तेव्हा ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. बराच वेळ तिनं फक्त दाणे मोजल्यासारखे टोपल्यात टाकले. मग म्हणाली, “मंग माह्या गळ्यातून दुसरीच बाई बोलन?” आणि थोड्या वेळानं, “माही लेक केळापूरकडं देलेली हाय. तिकडं लागलं हे टीवीवर, तर तिले कसं कयीन का माय हाय म्हणून?” लेकीला पाहून तिला दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझ्यासाठी हा तत्त्वाचा प्रश्न होता, तिच्यासाठी लेकीचा.

वावर मिळालं बाबांच्या एका सोबत्याचं. त्या वर्षी आसपासची वावरं अळीनं आधीच पोखरलेली, बोंडं काळी पडलेली. हे एकच विहिरीवर भिजवलेलं, आणि असं पांढरंशुभ्र फुटलेलं की शकीलभाई बांधावर उभे राहून “या अल्ला” म्हणाले. एक दिवस मिळाला होता आणि कॅमेऱ्याच्या दोन कॅसेटी. गिरजामावशीबरोबर तिच्या टोळीतल्या पाच बाया. कॅमेरा तिपाईवर बसला तशी त्यांतली एक पदर सावरून पुढे आली आणि सहज विचारलं, “रडाचं हाय का?”

मी म्हणाले, “का?”

“मांगच्या वर्सी पेपरवाले आलते मुंबईचे, त्याईनं रडाले लावलं. मले येत नवतं रडू, तं म्हने कांदा आना.”

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. आमच्या जिल्ह्यात तेव्हा कॅमेरा म्हटलं की कोणत्या चित्राची सवय झाली होती, ते त्या एका प्रश्नात होतं.

सुरू करण्यापूर्वी गिरजामावशीनं डब्यातून दहीभात काढला. पहिल्या वेचणीला आमच्याकडे वावरात दहीभाताचा नैवेद्य, म्हणजे सीतादही करतात, हे मला माहीत होतं. तिच्या माहेरची, फुलसावंगीकडची रीत आणखी वेगळी. दहीभात शिंपडून झाला की पहिलं बोंड वेचायचं आणि तो कापूस पुन्हा त्याच झाडाच्या फांदीत अडकवायचा. वावराचं वावराला. ते करताना ती हलक्या आवाजात काही गात होती. शकीलभाईंनी कॅमेऱ्याकडे हात नेला. मी म्हणाले, “हे घ्यायचं नाही. अंधश्रद्धेला आपल्या गाण्यात जागा नाही.” बाबांचं पत्रक क्रमांक किती कोण जाणे, पण वाक्य तेच होतं. शकीलभाईंनी हात मागे घेतला. गिरजामावशीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, डबा बंद केला.

टेप लागली. ‘उठा उठा हो कष्टकऱ्यांनो.’ बाया रांगेत पुढे सरकत वेचतायत, मधे गिरजामावशी गाते आहे, असं चित्र ठरलेलं. पहिल्या ओळीला ओठ जुळले. दुसऱ्या ओळीला तिचे हात बोंडांना लागले आणि हातांबरोबर गळा सुटला, ती आपलंच काही गायला लागली. पुन्हा. परत तेच. उभी राहून गायली तर ओठ जुळायचे पण ती लाकडासारखी दिसायची, वेचायला वाकली की टेप एकीकडे न् ती दुसरीकडे. “मावशी, टेपकडे लक्ष!” “हाय ना वं लक्ष!” पुन्हा, पुन्हा, पुन्हा. पाचव्या का सहाव्या वेळेनंतर तिनं ओठच मिटले. मी ओरडत होते, आणि ती मुकाट्यानं वेचत होती. शकीलभाईंनी कॅमेरा मात्र बंद केला नाही.

जेवायला बसलो, भरीत आणि भाकर, ठेचा. शकीलभाई पाणी प्यायला उठले, त्यांनी वावराकडे पाहिलं, आणि तांब्या तसाच हातात धरून उभे राहिले.

“ताई,” ते म्हणाले, “कापूस कुठी गेला?”

मी वळून पाहिलं. कॅमेऱ्यासमोरचा सगळा पट्टा उघडा. नुसती झाडं, रिकाम्या बोंडांची वाळकी नखं. बायांच्या झोळ्या गच्च भरून बांधावर ठेवलेल्या. आम्ही दर वेळी “वेचा” म्हणत होतो, आणि त्या वेचत होत्या. वेचायचं नाटक कसं करतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, मलाही सुचलं नव्हतं. पहिल्या वेळेला पांढरं वावर, तिसऱ्याला पातळ, सातव्याला नागडं. तुकडे जोडले असते तर कापूस एका ओळीत आहे, पुढच्या ओळीत नाही.

“काहून वेचला सगळा?” मी जवळजवळ रडत विचारलं.

“वेचा म्हनलं तं वेचला,” कांदा आणणारी म्हणाली. “ठेवाचा होता काय?”

मी घाईत एक उपाय काढला. झोळ्यांतला कापूस परत बोंडांत बसवायचा. तासभर तरी दिसेल तेवढा. बाया माझ्याकडे अशा पाहायला लागल्या की जणू मी त्यांना नदी विहिरीत ओतायला सांगते आहे. एकीनं प्रयत्न केला, कापूस गळून पडला. तिकडे शकीलभाई कुठल्या वेळचं चित्र जरा चांगलं आलं हे पाहायला कॅसेट मागे पळवत होते. अचानक ते म्हणाले, “ताई, इकडं या. सगळे या.”

कॅमेऱ्याच्या वीतभर पडद्यावर चित्र उलटं पळत होतं. आम्ही सात जणी डोकी भिडवून वाकलो. बाया पाठमोऱ्या सरकत येत होत्या. झोळीतून कापसाचा झुपका उडी मारून हातात येई, हात पुढे जाई, आणि झुपका बोंडात जाऊन बसे. एकेक झाड पांढरं होत होतं. मागे एक बगळा उलटा उडत बांधावर उतरला. आधी सगळ्या खो खो हसल्या. “पाह्य वं, तू लावून राह्यली!” “तुले तं लय घाई, दोन दोन लावते!” मग हसू आपोआप कमी होत गेलं. गिरजामावशी एकटीच बारीक डोळे करून पाहत राहिली. वावर पूर्ण भरलं, बायांच्या झोळ्या रिकाम्या झाल्या, आणि त्या पाठीकडून चालत चौकटीबाहेर गेल्या.

“घे तुयं तुले,” ती पडद्याला म्हणाली. मग शकीलभाईंना, “मांगच्या वर्साचा बी लावून द्या ना वापस.”

शकीलभाईंनी हळूच माझ्याकडे पाहून तीन बोटं वर केली. तिसरा किसम. ना गाणारा, ना इस्टोरी.

माझी भाची परवा फोनवर बोट ठेवून हेच करून दाखवत होती. दुधाचा पेला सांडतो आणि परत भरतो. “यात काय एवढं, मावशी?” तिचं बरोबर आहे. यात काही नाही. फक्त काय उलटं फिरवायचं ते कळायला हवं.

अडचण एकच होती. माझे सहा कडव्यांचे शब्द त्या चित्रावर लावले की दोन्ही हास्यास्पद व्हायचे. शकीलभाईंच्या संगणकावर आम्ही तीनदा लावून पाहिलं. ‘जाब विचारू चला’ म्हणता म्हणता बाया कापूस झाडाला देऊन मागे मागे जातायत! मी दोन दिवस मानलं नाही. तिसऱ्या दिवशी गिरजामावशीकडे गेले आणि विचारलं, त्या दिवशी दहीभाताच्या वेळी काय गात होतीस. ती म्हणाली, “ते तुह्या कामाचं नाई.” मी उंबऱ्यावर बसून राहिले. तिनं भाकर टाकली, मला वाढली, आणि चुलीकडे तोंड करून गायली.

‘पयलं बोंड तुले माय, दुसरं बी तुले,
उरलं सुरलं वेचू दे वं माह्या लेकराले.’

बाबांना सांगणं सगळ्यात अवघड होतं. त्यांनी ओळी वाचल्या, चष्मा काढला, पुसला. “हे ‘माय’ कोणाला? देवीला?” मी म्हणाले, “जमिनीला असेल. मी विचारलं नाही.” “पत्रकात मी नाही छापणार,” ते म्हणाले. “पण तुझे शब्द काढलेस ते बरं केलंस. ते माझेच होते.” आई आतून म्हणाली, “आता जेवा.”

नवा आवाज भरला. शकीलभाईंनी हलगीच्या ठोक्यावर नाही, हात बोंडापाशी पोचण्याच्या क्षणावर चित्र कापलं, आणि सवयीनं लग्नाच्या व्हिडिओत टाकायच्या तयार चित्रांतली तीन लाल बदामं न् एक उडता गुलाबही टाकला. बदामं मी काढायला लावली. गुलाब नजरेतून सुटला, तो शेवटपर्यंत त्या गाण्यात आहे. मिटल्या ओठांचा गिरजामावशीचा चेहरा फक्त तीन सेकंद येतो. शेठनं पाहिलं आणि म्हणाला, “हे काय उलटं लावलं? ओठ कुठे जुळले यात? माझी पोरगी बोलवा.”

“बोलवा ना,” शकीलभाई म्हणाले. “पण सेठ, तिला उभी कुठं करता? एकच वावर पांढरं होतं, ते या बायांनी साफ करून टाकलं. तुमच्या संक्रांतीपर्यंत कुठं फुटंन आता?”

शेठनं दुसऱ्यांदा पाहिलं. मग तिसऱ्यांदा. “शेवटी टाका,” तो म्हणाला. “लोक उठून जातात तेव्हा लागेल.”

ती सीडी फार चालली नाही. नेरच्या हॉटेलात ते गाणं लागलं की काही जण मालकाला सांगायचे, सीडी खराब झाली, बदल. काही जण बस सोडून द्यायचे. मी त्या दोन्ही तऱ्हांची माणसं मोजली, पण आकडा कधी कोणाला सांगितला नाही.

पोळ्याच्या आसपास गिरजामावशीची लेक आली. बसमधून उतरून सरळ शकीलभाईंच्या दुकानाशी, कडेवर पोर. गिरजामावशी आणि मी तिथेच होतो. मायलेकी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, मग मावशीनं पहिलं तेच विचारलं. “देखली काय मले? वयखली?”

“लग्नात लागलं होतं तिकडं,” लेक म्हणाली. “मी भांडे घासून राह्यलीती, अन् सहज पाह्यलं. म्हनलं, माय हाय.”

मी जिंकल्यासारखी पुढे झाले. “बघ, चेहरा ठेवला म्हणून ओळखलं ना!”

“चेहरा तं मांगून आला वं ताई,” ती म्हणाली. “तवा तं मी रडून घेतलं होतं. माही माय बोंड दोनच बोटानं काढते, आंगठा लावत नाई. उलटं लावलं तरी हात तिचेच ना.”

गिरजामावशीनं आपले दोन्ही हात पुढे धरले आणि पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे उलटेसुलटे करून पाहिले. मग तेच हात तिनं लेकीच्या कडेवरच्या पोराकडे नेले.